साखळीतली पाच कुलपं

२८ ऑगस्ट. सकाळी १४ अंश.

ही वही दुकानातल्या फ्रिजची आहे. इन्सुलिन आणि लसी ठेवायच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा लिहावं लागे. सहा वर्षांपूर्वी औषधांचं दुकान विकलं, तेव्हा निम्मी कोरी राहिलेली वही मी घरी आणली. तारीख, तापमान, सही, शेरा असे रकाने छापलेले आहेत. सगळं ठीक असेल तर शेरा कोरा ठेवायचा, असा माझा नियम होता.

माझ्या बायकोला, ग्रेसियानाला जाऊन साडेचार महिने झाले.

सेजहेन खोऱ्यातला तिचा पिरोज्याचा दावा, म्हणजे तिथला पिरोजा खणून काढायचा हक्क, आता माझ्या नावावर झाला आहे. वीस एकर. तिच्या वडिलांनी केलेला, मग तिचा. दर वर्षी एक सप्टेंबरच्या आत तिथे काही काम झालेलं दाखवावं लागतं, नाहीतर दावा जातो. हे ती एकटी करायची. यंदा मी करणार आहे. तिचा मेव्हणा नव्हे, भाऊ (हात अजून सवयीने चुकतो, मेव्हणा माझा), पेयो म्हणाला, "डॉक, तुला फावडं कुठल्या बाजूनं धरतात ते माहीत आहे का?" मार्लो गावात सगळे मला डॉकच म्हणतात. मी डॉक्टर नाही हे मी चाळीस वर्षं सांगत आलो.

३० ऑगस्ट. सकाळी १२ अंश.

दोन दिवस काम केलं. जुन्या खणतीत घसरून आलेला मुरूम काढला, वाटेवरचे दगड बाजूला केले. हाताला फोड आले. त्यावर काय लावायचं ते मला माहीत आहे.

जूनमध्ये तिची राख आम्ही इथेच ठेवली. खणतीच्या वर खुणेच्या दगडांचा ढीग आहे, त्यातच तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात दाव्याचा कागद असतो. ढिगाच्या पूर्वेला सपाट दगड रचून बसायला जागा केलेली आहे. त्या दगडांखाली. पेयो आणि मी, दोघंच होतो. जूनच्या आधी मी इथे केव्हा आलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. बावीस वर्षं तरी झाली असतील. दुकान होतं. दर शरदात ती विचारायची, येतोस का वर. दुकानाकडे कोण बघणार, असं मी म्हणायचो.

दुकान विकल्यावरही तिने दोनदा विचारलं होतं.

११ सप्टेंबर. सकाळी ९ अंश.

कागद वेळेत दाखल झाले. दावा राहिला.

आज किल्ल्या लावून ठेवल्या. तिच्या जुडग्यातल्या सगळ्या ओळखल्या: घर, पिकअप, पेयोचं कोठार, फाटक. माझ्या जुडग्यात एक लहान पितळी किल्ली आहे, तिचं काय ते कळेना. दुकानाच्या मागच्या दाराची म्हणून मी ती इतकी वर्षं बाळगली, पण ते दार दुकानासोबत गेलं आणि त्याची किल्ली मी नव्या मालकाला दिली होती. घरातल्या सगळ्या कड्याकुलपांना लावून पाहिली. कशालाच लागत नाही. टाकून द्यायला हात धजला नाही, परत जुडग्यात अडकवली.

फ्रीझरमध्ये हरणाच्या मांसाची दोन पुडकी उरली आहेत. दर वर्षी थंडी सुरू झाली की ओसरीवर अशी पांढऱ्या कागदातली पुडकी ठेवलेली असत. कोण ठेवतं, असं विचारलं की ग्रेसियाना म्हणायची, "लोक चांगले आहेत." मी पुढे विचारत नसे. लसूण आणि सुक्या लाल मिरच्या घालून ती ते फार चांगलं करायची.

७ ऑक्टोबर. सकाळी ३ अंश.

हरणांच्या शिकारीचा हंगाम परवा सुरू झाला. मी वर गेलो होतो.

तिच्या जागेवर कुणीतरी येऊन गेलं आहे. सपाट दगडावर एक रिकामं काडतूस उभं करून ठेवलेलं होतं. शेजारी बोटाच्या पेराएवढा पिरोज्याचा तुकडा, सेजच्या झुडपाची एक काडी, आणि थर्मासचं झाकण, त्यात तळाशी वाळलेली कॉफी. माणसं आपला कचरा उचलूनही नेत नाहीत. मी सगळं पिशवीत भरून खाली आणलं. पिरोज्याचा तुकडा तेवढा खिशात ठेवला, तो आमच्याच जमिनीतला.

मला तिथे कुणी नको आहे. एवढंच. शिकाऱ्यांनी हवं तिथे जावं, एवढा मोठा मुलूख पडला आहे. या वीस एकरांत कुणी बसू नये, कुणी खाऊ नये, कुणी बंदूक उडवू नये. ती तिथे आहे.

खाली फाटकाची साखळी नीट पाहिली. पूर्वी कधी पाहिली नव्हती, पेयो गाडीतून उतरून उघडायचा. साखळीच्या दोन टोकांच्या मध्ये एकात एक अडकवलेली पाच कुलपं आहेत. एक ग्रेसियानाचं. एक पेयोचं, त्यावर रंगाने खूण आहे. एकावर वन्यजीव खात्याचा शिक्का, त्यांची माणसं रानमेंढ्यांसाठी बांधलेल्या पाण्याच्या टाकीकडे जातात. चौथं हिरवं, बरंच नवं. पाचवं लहान, पितळी, जुनं. ही शेवटची दोन कुणाची ते ठाऊक नाही. ग्रेसियाना गेल्यावर कुणी येऊन अडकवली असणार. पितळी कुलपाला तेल दिलेलं होतं, भोकातून बोटाला लागलं. म्हणजे हा माणूस नेहमीचा येणारा दिसतो. हिरव्यापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला.

८ ऑक्टोबर. सकाळी ४ अंश.

पेयोच्या कोठारातून मोठा कटर आणला आणि हिरवं आणि पितळी, दोन्ही कापली. पितळी पटकन तुटलं. साखळीची टोकं नव्या कुलपाने जोडली. बाकीची तीन होती तशी साखळीला लोंबत ठेवली. "खासगी जागा. प्रवेश बंद" अशी पाटी आणून खांबाला तारेने बांधली.

कापलेली कुलपं हत्यारांच्या पेटीत टाकली. कुणी मागायला आलं तर दाखवता येतील.

रात्री झोप चांगली लागली.

१९ ऑक्टोबर. सकाळी १ अंश.

पेयो आला तोच ओरडत. दोन तास फाटकाबाहेर उभा होता म्हणे, गाडीत मेंढ्यांसाठी मिठाचे ठोकळे घेऊन.

"ग्रेसीनं आणि मी ते फाटक लावलं, आणि माझ्याच किल्लीनं मला आत जाता येत नाही!"

मी म्हटलं, तुझं कुलूप मी काढलेलं नाही, ते साखळीलाच आहे.

"साखळीला आहे, पण साखळीत नाही ना! डॉक, तू शिकलेला माणूस. आपलं कुलूप दुसऱ्याच्या कुलपात अडकवायचं असतं, कड्यात नाही. कड्यात अडकवलंस की बाकीची सगळी नुसती दागिन्यासारखी लोंबतात. माझ्या मेंढ्यांनासुद्धा कळतं हे."

मग टेबलावर त्याने काट्याचमच्यांनी मला ते दाखवलं. एकात एक गुंतलेली असली तर कुठलंही एक उघडलं तरी साखळी सुटते. प्रत्येकाला आपलं तेवढं उघडता येतं, दुसऱ्याच्याला हात लावावा लागत नाही. मला ते खरोखर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, माफी मागितली. तो निवळला, कॉफी मागितली.

"आणि लाइलचं हिरवं कुठंय?"

"कुठला लाइल?"

"लाइल हूपर. रस्ते खात्यात सपाटीचं यंत्र, ग्रेडर चालवायचा तो. ग्रेसीनं त्याला जागा दिली होती साखळीत."

"ग्रेसियाना आता नाही," मी म्हटलं.

पेयो बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिला. तो साखर घेत नाही.

"पितळी कुणाचं?" मी विचारलं.

"ते ग्रेसीलाच ठाऊक. मी तर ते कधी उघडलेलं बघितलं नाही."

आम्ही जाऊन कुलपं नीट अडकवली. आता चार आहेत, माझ्या नव्यासकट. पाटी मी राहू दिली. पेयोने ती वाचली आणि तिच्याकडे पाठ करून गाडी सुरू केली.

१५ नोव्हेंबर. सकाळी उणे ५ अंश.

लाइल हूपर घरी आला. टोपी हातात. माणसं मला त्यांच्या गोळ्यांवरून आठवतात, हे कुणाला सांगता येत नाही. लाइलचं रक्तदाबाचं, मग दम्याचं, मग शेवटी खुब्यासाठी दुखण्याच्या गोळ्या. खुबा आता अगदीच गेलेला दिसतो. ओसरीच्या तीन पायऱ्या तो एकेक करून चढला, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

"डॉक, माझं कुलूप तुमच्याकडे आहे का?"

मी पेटीतून काढून दिलं. त्याने ते हातात घेऊन कापलेली कडी पाहिली.

"सफाईनं कापलंय," तो म्हणाला. "पेयोचा कटर. माझ्याच पुतण्यानं विकला होता त्याला."

मग त्याने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना. सोडतीत नाव निघालं आहे. एकतीस वर्षं दर वर्षी तो अर्ज करत होता. एक मेंढा, आपल्याच खोऱ्याच्या भागात, वीस नोव्हेंबर ते वीस डिसेंबर.

"माझी बायको म्हणायची, तुझं नाव निघेपर्यंत मेंढाच म्हातारा होऊन मरेल. ती गेली. मेंढा आहे अजून." तो हसला. "मला वर गाडीनं जाऊ द्या, डॉक. त्या सपाट दगडांपर्यंत. तिथून टाकी दिसते. मी तिथे बसणार. जमलं तर जमलं."

सपाट दगड तो म्हणाला.

मी म्हटलं, ते जमणार नाही. ती आता खासगी जागा आहे, दाव्यावर माझं नाव आहे.

त्याने वाद घातला नाही. "कायद्यानं मी चालत जाऊ शकतो," एवढंच म्हणाला. "पण साडेतीन मैल चढ आहे, आणि माझ्या खुब्याला कायदा कळत नाही."

"दुसरीकडून रस्ता असेल."

"पलीकडच्या कड्यावरून. तो पंचविशीतल्या पोरांचा रस्ता." तो उठला. "ग्रेसियानाच्या वेळी मी आलो होतो चर्चमध्ये. मागे उभा होतो. तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुम्ही दमलेले दिसलात."

जाताना कुलूप त्याने टेबलावरच ठेवलं. विसरला की मुद्दाम, कळलं नाही.

१६ नोव्हेंबर. सकाळी उणे ६ अंश.

दिवसभर घरात. कायद्यात काय आहे ते एकदा नीट विचारून घ्यावं असं ठरवलं. मी बरोबर असेन तर मला कुणी दोष देऊ नये.

१८ नोव्हेंबर. सकाळी उणे ६ अंश.

नव्वद मैल गाडी चालवून जमीन कार्यालयात गेलो. टिल्डा क्रूस नावाची बाई तिथे खाणींच्या दाव्यांचं काम बघते. केस बारीक कापलेले, चष्मा दोरीला. मी तिला पाटीचा फोटो दाखवला आणि विचारलं की हंगामात लोकांना अडवण्यासाठी आणखी काय लागेल.

"मिस्टर पॅस्को, पहिलं म्हणजे ही पाटी काढा."

मी म्हटलं, दावा माझा आहे.

"दावा पिरोज्यावर आहे. खाली जो असेल तो तुमचा, काढा, विका, माझं काही म्हणणं नाही. वरची जमीन सगळ्यांची. हरणवाले येतील, पाइनच्या बिया वेचणारे येतील, कुणी नुसतं आपलं कुत्रं फिरवायला येईल. तुमच्या कामात अडथळा येत नाही तोवर तुम्ही कुणाला हाकलू शकत नाही." तिने फाइल उघडली. "तिथे काम चालू आहे?"

"हो."

"कसलं?"

"ऑगस्टमध्ये मुरूम काढला," मी म्हटलं.

"आणि त्यानंतर?"

"बसतो," मी म्हटलं.

तिने ते कुठे लिहिलं नाही. फाइलमधलं एक पान उलटून माझ्यासमोर धरलं. फाटकाच्या परवानगीसाठी केलेला अर्ज, चोवीस वर्षांपूर्वीचा, ग्रेसियानाच्या अक्षरात. मी उतरवून घेऊ का, असं विचारलं. ती म्हणाली घ्या, आणि तेवढ्यात उठून कुठेतरी गेली. उतरवून घेतला तो असा:

"खणतीची कड उघडी आहे आणि रात्री गाड्या येतात, म्हणून फाटक हवं. फाटक गाड्यांसाठी, माणसांसाठी नाही. चालत येणाऱ्याने खुशाल यावं. ज्याला म्हातारपणामुळे, आजारामुळे किंवा ओझ्यामुळे गाडी वर न्यावी लागेल, त्याने माझ्याकडे मागावं, मी त्याला साखळीत जागा देईन. वर बसायला दगड रचले आहेत. तिथून खोरं चांगलं दिसतं. ते एकटीने बघण्यासारखं नाही."

परत येताना वाटेत कुठेही थांबलो नाही. घरी पोचलो तेव्हा हात गार होते. गाडीतला हीटर लावायचाच राहून गेला होता.

१९ नोव्हेंबर. सकाळी उणे ३ अंश, ढगाळ.

पाटी काढली. तार गोठली होती, पक्कड लावून तोडावी लागली.

मग लाइलकडे गेलो. तो स्वयंपाकघरात बंदूक साफ करत होता, वर्तमानपत्र पसरून. शिकारीला जायचंच नसेल तर लोक बंदूक साफ करतात का, मला माहीत नाही. मी नवीन कुलूप आणि त्याची किल्ली टेबलावर ठेवली. हिरवं मिळालं नाही, काळं आहे.

"हे कशाला?"

"तुमचं मी कापलं."

त्याने किल्ली उचलून उजेडात धरली. "डॉक, तुमचा विचार बदलला तो कायद्यानं की आणखी कशानं?"

"कायदा तुमच्या बाजूनेच आहे," मी म्हटलं. आणि मग सांगून टाकलं की सपाट दगडांखाली ती आहे. पेयोशिवाय हे कुणाला सांगितलं नव्हतं.

लाइलने बंदूक खाली ठेवली. "मला वाटलंच होतं. ऑक्टोबरात पुतण्यानं मला फाटकापर्यंत सोडलं. कुलूप तेव्हा होतं, पण किल्ली घरीच राहिलेली, म्हणून चालत वर गेलो. पाच तास लागले चढायला. दगड हललेले दिसले." मग म्हणाला, "झाकण राहिलं माझं तिथे. थर्मासचं."

मी म्हटलं, मला सापडलं नाही. का म्हटलं कुणास ठाऊक. ते मी कचऱ्यात टाकलं होतं.

"मी दुसरीकडे बसेन," लाइल म्हणाला. "खाली एक खडक आहे."

"तिथून टाकी दिसते?"

"नाही."

"मग दगडांवरच बसा."

२० नोव्हेंबर. सकाळी उणे ८ अंश.

लाइलबरोबर वर गेलो. पुतण्याच्या पाठीत बळ आहे, पण त्याला सुट्टी नाही, आणि एकट्याने त्या खुब्याने जाणं बरं नव्हे. फाटकाशी पेयो आधीच येऊन उभा होता, म्हणाला मिठाचे ठोकळे बघायला आलो. त्याच्या गाडीत ठोकळे नव्हते. लाइलचं काळं कुलूप कुठे अडकवायचं ते त्याने मलाच करायला लावलं आणि मागे उभा राहून बघत राहिला.

"हं," तो म्हणाला. "मेंढ्यांएवढं जमलं."

दिवसभर दोघं दगडांवर बसलो. लाइल दुर्बिणीतून बघायचा आणि मधूनमधून ती माझ्याकडे द्यायचा. मला आधी काही दिसेना. मग त्याने शिकवलं: मेंढा शोधायचा नाही, कड्यावरची एक रेघ धरून हळू जायचं, चुकीच्या रंगाचा दगड दिसला की थांबायचं. दुपारी मला तीन माद्या दिसल्या. मी मोठ्याने बोललो, त्या कान टवकारून उभ्या राहिल्या. लाइल म्हणाला, "ग्रेसियानापण पहिल्यांदा ओरडलीच होती."

ती शिकाऱ्यांबरोबर बसायची हे मला माहीत नव्हतं. तिने आयुष्यात कधी बंदूक धरली नाही. लाइल म्हणाला, ती हंगामात कुणाही बरोबर बसायची. नजर तिची सगळ्यात तेज. सँडविच आणायची, नेहमी एक जास्त.

मेंढा दिसला नाही.

२४ नोव्हेंबर. सकाळी उणे १० अंश.

चौथ्यांदा वर. हंगामाला खूप दिवस आहेत, पण लाइलचा खुबा इतके दिवस टिकेल असं मला वाटत नाही. पायऱ्या उतरताना तो आता पुढून नव्हे, उलटा उतरतो. मी त्याला गोळ्या वाढवू नका म्हणून सांगितलं, पोटाला बाधतात. तो म्हणाला, "तुम्ही निवृत्त आहात ना?"

जास्तीचं सँडविच मी न्यायला लागलो आहे. ते पेयो खातो. रोज त्याला ठोकळे बघायचे असतात.

२७ नोव्हेंबर. सकाळी उणे ७ अंश, वारा नाही.

मिळाला.

दहाच्या सुमारास टाकीच्या वरच्या घळीत चुकीच्या रंगाचा एक दगड मला दिसला. आज मी ओरडलो नाही. लाइलच्या बाहीला हात लावला. त्याने बघितलं, मग बराच वेळ काहीच केलं नाही. मेंढा पाण्यावर आला, प्याला, मान वर केली. शिंगं पूर्ण वळून पुढे आलेली, टोकं झिजलेली. लाइलने बंदुकीऐवजी आधी दुर्बीणच पुन्हा लावली. मला वाटलं तो सोडून देणार. मग एक गोळी. मेंढा जागच्या जागी बसल्यासारखा खाली गेला.

मी तिच्या दगडांवर हात ठेवून होतो. आवाजाने ते हलले असं वाटलं, पण तो माझाच हात असणार.

लाइल रडला नाही, नाक शिंकरलं. "एकतीस वर्षं," म्हणाला. सोलणं आणि कापणं पेयोने केलं, मी पाय धरले. लाइल दगडावर बसून दोघांना शिव्या घालत होता. अर्धा मेंढा वाया घालवतोय म्हणे आम्ही.

खाली येताना फाटकाशी लाइलने गाडीची काच खाली केली आणि साखळीकडे बघितलं.

"त्या पितळी कुलपाचं काय केलंत, डॉक?"

"ते पण कापलं. कुणाचं होतं?"

"कुणास ठाऊक. वीसेक वर्षं मी ते बघतोय, कधी उघडलेलं बघितलं नाही. पण दर शरदात ती वर यायची तेव्हा तेलाची डबी घेऊन यायची, आणि आपल्या कुलपाच्या आधी त्याला तेल घालायची. मी एकदा विचारलं, हे कुणाचं. म्हणाली, आहे एकाचं."

"मग तो आला नाही?"

"मी तरी बघितला नाही."

२८ नोव्हेंबर. सकाळी उणे ६ अंश.

सकाळी ओसरीवर पांढऱ्या कागदात गुंडाळलेली चार पुडकी होती. लसूण, सुक्या मिरच्या. तिच्यासारखं झालं नाही, पण वाईटही नव्हतं.

दुपारी पेटीतून पितळी कुलूप काढलं. कापलेली कडी, आत अजून तेल. मग जुडगा काढला.

किल्ली लागली. अगदी हलकी फिरली.

२ डिसेंबर. उणे ११ अंश.

पेयोकडे कुलूप घेऊन गेलो. त्याच्याकडे वेल्डिंगचं यंत्र आहे. कडी जोडून मिळेल का, विचारलं.

त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "पितळी कुलूप, पोलादी कडी. जोडता येईल, पण जोडलेली कडी टिकत नाही. कुणीही दगड मारून तोडेल. नवीन घे की, डॉक."

"टिकायला नको आहे. मला ते एकदा उघडायचं आहे."

पेयोने माझ्याकडे पाहिलं, मग जुडग्याकडे पाहिलं. त्याने चष्मा चढवला आणि म्हणाला, "त्या बाजूला हो, डोळे जातील तुझे." जोडून झाल्यावर कानशीने घासून घासून इतकी गुळगुळीत केली की सांधा बोटाला लागेना. तेवढी गरज नव्हती.

५ डिसेंबर. सकाळी उणे ९ अंश. आकाश स्वच्छ.

आधी जाऊन साखळीत कुलूप अडकवलं. लाइलचं काळं आणि ग्रेसियानाचं, यांच्या मध्ये. कुलपात, कड्यात नाही. माझं ऑक्टोबरातलं नवं काढून टाकलं. पुन्हा पाच झाली.

मग गाडीत बसलो, थोडी मागे नेली, पुन्हा फाटकापर्यंत आलो, उतरलो, माझ्या किल्लीने उघडलं आणि वर गेलो. दोन सँडविच होती. खोरं पाहिलं. रेघ धरून हळू गेलो. चार माद्या आणि एक लहान मेंढा. पिरोज्याचा तुकडा परत दगडावर ठेवला.

येताना फाटक लावलं. तेल घातलं, आधी तिच्या कुलपाला.